हलका हात

न्हाणीघराचं दार उघडलं आणि नवरा बनियनवर तसाच बाहेर आला. एका हातानं गळ्यावर टॉवेल दाबला होता आणि टॉवेलवर रक्त होतं. फार नव्हतं, पण पांढऱ्यावर लाल थोडंही फार दिसतं. ती ओट्यापाशी उभी होती. ती चपापली ते रक्तानं नव्हे. त्यानं दुसऱ्या हातातला रेझर तिच्यापुढे धरला, मूठ तिच्याकडे करून, शहाणी माणसं कात्री देतात तसा. रेझर त्याच्या हातात लटलट हलत होता, आणि त्याच्यावरचा फेस फरशीवर ठिबकत होता.

"उद्यापासून तू कर," तो म्हणाला.

"काय करू?"

"दाढी."

अर्ध्या चेहऱ्याला फेस तसाच होता. इतकी वर्षं संसार केला, पण फेस लावलेला नवरा तिनं कधी समोरून पाहिला नव्हता. तो दार लावून दाढी करायचा. तिच्या ओळखीचे होते ते फक्त आवाज. नळाचा, मगात ब्रश फिरवल्याचा, आणि मधूनमधून रेझर बेसिनच्या कडेवर आपटल्याचा. त्या आवाजावरून ती चहाचं आधण ठेवायची. आणि ब्लेड उतरलं, की ते त्याच्याच कागदात नीट गुंडाळून तिच्या शिलाई मशीनच्या खणात आलेलं असायचं, टाके उसवायला. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायची आणि घरी चार बायकांचे ब्लाउजही शिवायची. उसवायला ब्लेड लागायचंच. नवऱ्याकडून नेमानं मिळणारी तेवढीच एक भेट. धार संपलेली.

"न्हाव्याला घरी बोलावू या," ती म्हणाली.

"न्हाव्याला कळलं म्हणजे गावाला कळलं."

"मग लेकीनं पाठवलंय ते दाढीचं मशीन आहे की."

"ते गवत कापायला." तो खुर्चीत बसला. हात मांडीखाली दाबून ठेवायची सवय त्याला अलीकडेच लागली होती. डॉक्टरनं कंप म्हणून काहीतरी सांगितलं होतं, वाढत जाणार असंही सांगितलं होतं, आणि घरी आल्यावर नवऱ्यानं त्या विषयावर पडदा टाकला होता. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "रविवारी तो येतोय. त्याच्यासमोर मी असा बसणार नाही."

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

धाकट्याचा फोन आला तेव्हा तिला आधी खरंच वाटलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला शहरात येतोय, म्हणाला, आणि मग घसा खाकरून, 'ताई, जेवायला घरीच येतो. भाऊजी असले तरी चालेल.' असले तरी चालेल! ज्याच्या घरी जायचं तो घरधनी असला तरी चालेल, हे वाक्य कानाला केवढं विचित्र लागायला हवं होतं. पण तिला लागलं नाही. इतक्या वर्षांत धाकट्यानं तिच्या घराची पायरी चढली नव्हती. भेटायचं तर ती त्याच्या गावी जायची, एकटी. येताना भावजय पिशवीत काहीबाही भरून द्यायची आणि नवऱ्याविषयी कोणी चकार शब्द काढायचं नाही. जणू ताई विधवा आहे आणि ते तिला कळू द्यायचं नाही.

नवरा वजनमापांचा निरीक्षक होता. बाजारात त्याला 'काटा' म्हणत. हे नाव व्यापाऱ्यांनी शिवी म्हणून ठेवलं होतं. त्यानं ते पदकासारखं वागवलं. काटा येतोय म्हटलं की दुकानादुकानांतून वजनांची अदलाबदल सुरू व्हायची, म्हणून तो कधीच येतोय असं कळू द्यायचा नाही. बायकोलासुद्धा नाही. सकाळी डबा घेऊन निघताना 'आज कुठं?' असं विचारलं, तर तो 'बाजारात' एवढंच म्हणायचा. पहिल्या पहिल्यांदा तिला त्याचा अभिमान वाटायचा. सरळ, नाकासमोर चालणारा माणूस, कुणाचा चहासुद्धा न घेणारा. माहेरी ती त्याच्या गोष्टी रंगवून सांगायची, आणि धाकटा हसून म्हणायचा, 'ताई, भाऊजी तुलासुद्धा तोलून बघत असतील. जपून राहा.'

धाकट्याचं किराणा दुकान होतं. वडिलांच्या मागे त्यानंच ते उभं केलं होतं. एका संध्याकाळी त्यानं ताईला आणि भाऊजींना जेवायला बोलावलं. काही निमित्त नव्हतं, सहजच. आईनं स्वतः वाढलं होतं. नवरा कधी नव्हे तो दोनदा मागून जेवला होता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना, तोच नवरा शिपाई घेऊन धाकट्याच्या दुकानात शिरला. लोखंडी वजनांच्या बुडात शिसं भरलेलं असतं, त्यावर सरकारी शिक्का असतो. धाकट्याच्या वजनांतलं शिसं आतून खरवडलेलं निघालं. दुकानाला टाळं लागलं, खटला झाला, वर्तमानपत्रात नाव आलं. धाकट्यानं गाव सोडलं. आई त्या दिवसापासून जावयाचं नाव घेईना. फक्त एकदाच म्हणाली, अंथरुणाला खिळल्यावर, छताकडे बघत, 'आमच्या जावयानं केसानं गळा कापला.' तेवढं म्हणून तिनं कूस बदलली. आणि तिच्या उशाशी बसलेल्या लेकीला वाटलं, आईनं ते आपल्याच गळ्यात अडकवून ठेवलंय.

मापात पाप होतं, हे खरंच. धाकटा चुकला होता. तिनं ते कधी नाकारलं नाही. तिला टोचत होतं ते दुसरंच. आदल्या संध्याकाळी, तो माणूस धाकट्याच्या घरी बसून दोनदा वाढून घेत होता, तेव्हा त्याला उद्याचं माहीत होतं का? एवढाच प्रश्न. तो तिनं कधी विचारला नाही. विचारायला ती कितीदा तोंड उघडायची आणि दुधाचं नाहीतर दिव्याच्या बिलाचं काहीतरी बोलून मिटायची. कारण 'नव्हतं माहीत' असं तो म्हणाला, तर तिचा विश्वास बसला नसता. आणि 'होतं' म्हणाला, तर मग काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. प्रश्न शिवणीत राहून गेलेल्या टाचणीसारखा राहिला. कपडा घालता येतो, वावरता येतं, फक्त एका विशिष्ट कुशीवर वळता येत नाही. ती त्या कुशीवर वळलीच नाही. म्हणजे नवऱ्याकडे पाठ करून झोपू लागली, आणि ते इतकं सवयीचं झालं की मग त्यात राग होता की नुसती झोप, हेही कळेनासं झालं.

कारखान्यातून परतताना ती कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये शिरली. दुकानदाराची दाढी छातीपर्यंत होती. गल्लीतली मुलं त्याला दाढीवाला म्हणत, आणि दाढीचं सामान विकणाऱ्यानं दाढी राखावी ह्यावर प्रत्येक नवं गिऱ्हाईक एकदा तरी विनोद करून जाई. त्या दुकानात बाई म्हणून ती रिबिनी घ्यायला गेली असती तर कोणी वर पाहिलं नसतं. पण तिनं ब्लेडं मागितली तेव्हा दोन पुरुष बाजूला सरकले, जागा द्यायला की बघायला कोण जाणे.

"कुठली देऊ?" दाढीवाल्यानं काचेखालचा खण ओढला. आत छोट्या छोट्या पुड्या पत्त्यांसारख्या लावल्या होत्या, निळ्या, हिरव्या, एक काळी.

"ब्लेड ते ब्लेड. त्यात काय कुठली?"

"वा! असं कसं बाई. माणसासारखंच असतं पात्यांचं. काही मवाळ, काही जहाल." त्याला श्रोता मिळाला होता. "ही निळी मवाळ. हात चुकला तरी माफ करते. पण दाट खुंट असला तर ओढते, केस उपटल्यासारखं होतं. ही काळी जहाल. लागली कधी ते कळतही नाही. तिला जोर लावायचा नाही, नुसतं वजन सोडायचं. नवशिक्यानं हिच्या वाटेला जाऊ नये असं म्हणतात. मी म्हणतो, ज्याचा हात हलका, त्याला हीच बरी. भोथऱ्या पात्यानंच माणसं जास्त कापून घेतात."

"सगळ्यात जहाल हीच का?"

तिनंच विचारलं होतं. आवाज तिचाच होता.

"हीच. कुणासाठी पण?"

"ह्यांच्यासाठी."

"का, भांडण झालंय का?" दाढीवाला हसला. बाजूचे दोघेही हसले. विनोद होता, साधा, गल्लीतला. पण तिच्या कानशिलांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं निळी पुडी उचलली, मग काळीही उचलली, दोन्ही पिशवीत टाकल्या आणि सुटे पैसे परत घ्यायलाही न थांबता पायऱ्या उतरली. रस्त्यावर रिक्षा, सायकली, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं रोजचंच होतं. फक्त पिशवी तिला खांद्यापासून थोडी लांब धरावीशी वाटत होती. मी सगळ्यात जहाल कुठलं ते का विचारलं? खुंट दाट आहे, म्हणून. ओढलं तर त्यांना दुखेल, म्हणून. बरोबर आहे की. मग कान कशाला तापले? नवऱ्याची दाढी करायला ब्लेड आणणारी मी काय जगातली पहिली बाई आहे? असेनही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं काळ्या पुडीतलं एक पातं काढलं. गणवेशाच्या एका बाहीची शिवण चुकली होती, ती उसवायची होती. इतकी वर्षं उतरलेल्या ब्लेडनं उसवायचा हात. तिनं नेहमीसारखा अंगठ्यानं जोर दिला, आणि पातं टाक्यातून, कापडातून, खालच्या दुसऱ्या बाहीतून आरपार गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. पाण्यात बोट घातल्यासारखं. ती त्या फाटीकडे बघत राहिली. कडा किती सरळ होत्या! मग बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून, तिनं तेच पातं आपल्या कोपराखालच्या लवेवर फिरवलं, नुसतं वजन सोडून. लव गेली. कातडीला कळलंही नाही. तिथं एक गुळगुळीत पट्टा उरला, थंड. तो तिला दिवसभर जाणवत होता.

एक दिवस तिनं टाळलं होतं. शनिवारी सकाळी त्याला खुर्चीत बसवून तिनं निळं पातं लावलं. मवाळ बरं, म्हटलं. गरम पाण्याचा टॉवेल, साबण, ब्रश. ब्रश गालावर गोल फिरू लागला तेव्हा त्यानं डोळे मिटले, आणि ती थबकली. हा चेहरा तिला बोटांनी माहीतच नव्हता. हनुवटीच्या खाली एक जुना व्रण होता, लहानपणी पडल्याचा असावा. उजव्या कल्ल्याखाली भोवरा होता, केस तिथं उलटे वळत होते. गालफडं आत गेली होती. बाजाराला धाक घालणारं तोंड ते हेच.

रेझर ओढला तसा खर्र आवाज झाला आणि त्याचे ओठ आवळले.

"दुखतंय?"

"नाही."

खोटं. ती जोर लावत होती, पातं ओढत होतं, म्हणून ती आणखी जोर लावत होती. संपलं तेव्हा गळा लालबुंद झाला होता आणि जबड्याच्या वळणावर खुंटांची रांग तशीच राहिली होती, कापणी चुकलेल्या शेतासारखी. तिनं तुरटी फिरवली.  नंतर त्यानं तळहात गालावरून फिरवला, हात थरथरत असल्यानं तो गालावर थापट्या मारल्यासारखा दिसला. "बिनपाण्यानं केलीस," तो म्हणाला. विनोद होता. कितीतरी वर्षांत त्यानं केलेला पहिला. तिला हसू येत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. ही सवय मोडणं काही सोपं नव्हतं.

रविवारी तिनं काळ्या पुडीतलं नवं पातं लावलं.

सकाळची उन्हं खिडकीतून त्याच्या मानेवर पडली होती. स्वयंपाक अर्धा झाला होता, धाकटा दुपारपर्यंत येणार होता. तिनं फेस दाट केला, मागे उभी राहून त्याची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि गळ्यावर पातं टेकवलं. टेकवलं फक्त. कंठमणी एकदा वर गेला, खाली आला. पात्याखाली एक शीर उडत होती, तिच्या बोटाला ती लागत होती. घर अगदी शांत होतं. आणि टाचणी, इतकी वर्षं कापडात निवांत पडून राहिलेली, आपोआप वर आली.

"त्या संध्याकाळी तुम्ही धाकट्याकडे जेवलात," ती म्हणाली. "दोनदा वाढून घेतलंत. तेव्हा उद्या धाड घालायचीय हे माहीत होतं तुम्हाला?"

त्यानं डोळे उघडले. खालून, उलट्या नजरेनं, तिच्याकडे बघितलं. मान हलवायची सोय नव्हती. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. कोणताही माणूस नाही म्हणाला असता. गळ्यावर पातं असताना तर कोणीही.

"हो," तो म्हणाला.

ते 'हो' तिला बोटातून कळलं, आधी शीर थरारली, मग आवाज आला. ती थांबली नाही. रेझर गळ्यावरून खाली, जबड्याच्या वळणावरून, भोवऱ्यापाशी उलटा, ओठाच्या वर ओळीनं. फेसाचे पट्टे बाजूला होत होते आणि खाली ओली, गुलाबी, कुणा दुसऱ्याची वाटावी अशी कातडी निघत होती. ती आतून पेटली होती. माहीत होतं. माहीत असून जेवला. आईच्या हातचं जेवला. आणि त्या आगीत तिचा हात मात्र एखाद्या यंत्रासारखा, तिळमात्र न हलता, चालला होता. एक थेंब रक्त निघालं नाही. तिनं पाणी मारलं, टॉवेल दिला. त्यानं गाल चाचपला.

"इतकी साफ मला कधी जमली नाही," तो हळू म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. कापलं असतं तर घाबरून रडले तरी असते, तिला वाटलं. न कापणारा हात कुठून आला?

धाकटा आला तो जाड झालेला, केस रंगवलेला, चष्म्याच्या वर दुसरा काळा चष्मा लावलेला. दारात दोघं पुरुष एकमेकांसमोर उभे राहिले. "या," नवरा म्हणाला. "तब्येत?" "ठीक. तुमची?" "चाललंय." मग जेवण. पाऊसपाणी, डोळ्यांचे डॉक्टर, भावजयीचे गुडघे, मुलाची नोकरी, सगळं ताटाभोवती फिरलं आणि ताटातलं कोणी बोललं नाही. नवऱ्यानं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी तो दातांवर वाजला. धाकट्यानं ते पाहिलं. त्यानं काळा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नंतर तो भाताच्या ढिगात बोटं फिरवत राहिला, पण घास काही उचलेना.

ती त्याला बसपर्यंत सोडायला खाली उतरली. थांब्यावर सावली नव्हती. धाकटा रस्त्याकडे बघत होता.

"भाऊजींचे हात कधीपासून असे?"

"वर्ष होत आलं."

"मी काय काय बोलायचं ठरवून आलो होतो, ताई. बसमध्ये पाठ करत होतो. आणि त्यांचा पेला वाजला." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला एक सांगायचं राहिलंय."

"बोल."

"त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर भाऊजी हात धुवायला मोरीपाशी आले. मी पाणी घालत होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'उद्या वजनं बदलून ठेव.'"

तिला वाटलं, कोणीतरी हॉर्न वाजवला. वाजवला नव्हता.

"मग?"

"मग काय. मी हसलो. म्हटलं, स्वतःच्या मेहुण्यावर कोण धाड घालतोय? भाऊजी दम देतायत. आणि बदलायची म्हणजे आधीची खोटी होती हे कबूल करायचं, तेही त्यांच्यासमोर. मी आखडलो. रात्रभर दुकानाची किल्ली उशाशी होती माझ्या."

"आणि हे तू मला आज सांगतोस?" तिचा आवाज चढला, थांब्यावरच्या एका म्हातारीनं वळून पाहिलं. "आई गेली. त्यांना शिव्या देत गेली ती."

"आईला सांगवलं नाही."

"मला?"

"तुम्ही सगळ्या माझ्या बाजूनं होतात ना, ताई." तो लहान मुलासारखा म्हणाला, रंगवलेल्या केसांखाली त्याचा चेहरा एकदम पडला. "दुकान गेलं, गाव गेलं, तेवढंच राहिलं होतं. ते सोडवेना."

बस आली. त्यानं तिच्या पायांना हात लावायला वाकल्यासारखं केलं, गर्दीनं त्याला पुढे ढकललं, आणि तो गेला.

ती लगेच घरी गेली नाही. गल्लीच्या टोकाला बंद पिठाच्या गिरणीचा कट्टा होता, तिथं बसली. ऊन कट्ट्यात मुरलं होतं. आता राग कुणावर धरायचा? धाकट्यावर धरू पाहिला, तर तो मोरीपाशी तांब्या घेऊन उभा असलेला, मूर्खासारखा हसणारा, तिचाच धाकटा निघाला. नवऱ्यावर धरायचा तर तिथं आता पूर्वीसारखा हात पुरेना. बरं, सोडून द्यावा, तर इतक्या वर्षांचा तो राग म्हणजे तिची पाठ होती, तिचं कुशीवर वळून झोपणं होतं, न आलेलं हसू होतं. तो काढला तर खाली काय उरणार होतं? दोघांतल्या एकानं जरी तिला सांगितलं असतं तर ती किती वेगळी बाई झाली असती. ती बाई कुठं गेली? तिचा हिशेब कुणाकडे मागायचा? मांजर आलं, तिच्या पायाला घासून गेलं. घरोघरी दिवे लागायला लागले तशी ती उठली.

नवरा खुर्चीतच झोपला होता. गुळगुळीत, लहान झालेला चेहरा. हात मांडीवर होते आणि झोपेत मात्र अगदी स्थिर होते.

सोमवारी सकाळी तो आपणहून येऊन खुर्चीत बसला, गळ्याला टॉवेल लावून. दाढी रोज व्हायलाच हवी असा त्याचा शिरस्ता. तिनं फेस लावला. रेझर उचलला. गळ्याशी नेला आणि खाली घेतला.

"धाकट्यानं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही त्याला सावध केलं होतंत."

फेसातले डोळे तेवढे दिसत होते.

"खरं का?"

"खरं."

"मग काल मी विचारलं तेव्हा?"

"तू विचारलंस, माहीत होतं का. माहीत होतं."

"आणि इतकी वर्षं? मी तुमच्याकडे पाठ करून झोपले, तुमच्याशी धड हसले नाही, आईनं तळतळाट दिला. एका शब्दानं सगळं मिटलं असतं. बोलला का नाहीत?"

तो विचार करत होता. तो नेहमीच उत्तर तोलून द्यायचा, पण ह्या वेळी पारडं बराच वेळ हलत राहिलं.

"काटा कुणाला आधी कळवत नाही, असं माझं नाव होतं," तो शेवटी म्हणाला. "शिव्या देणारेसुद्धा तेवढं मानायचे. ते एवढंच होतं माझ्याकडे. आयुष्यात एकदा कळवलं. एकदा कळवलं म्हणजे गेलंच ना ते."

"मी काय गावभर दवंडी पिटणार होते?"

"तू नाही पिटली असतीस." त्यानं मान थोडी खाली घेतली, फेस टॉवेलला लागला. "पण तुला माहीत झालं असतं."

म्हणजे तिच्या डोळ्यांत आपण खोटे ठरू नये, म्हणून ह्या माणसानं तिचा द्वेष पत्करला होता. तिचं मन म्हणजे त्याला काय वाटलं होतं, शिक्का मारायचं शिसं? आणि तरीही कुणाला तरी, इतकी वर्षं, आपल्या मताची एवढी किंमत वाटत होती, हे कळून रडावं की ओरडावं, तिला ठरवता येईना.

"आणि माझं काय?" ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि मान वर करून गळा पुढे केला.

तिनं रेझर उचलला. काल आगीत असताना तिळभर न हललेला हात आज हलत होता. तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तर दोन्ही हलू लागले. पातं त्याच्या कातडीच्या जवळ, अगदी जवळ येऊन नाचत राहिलं. तिनं ते पाण्याच्या भांड्यात सोडलं, ते तळाशी जाऊन खळकन वाजलं.

"आज माझाच हात राहत नाहीये," ती म्हणाली.

"थांबू," तो डोळे न उघडता म्हणाला. "मला काही घाई नाही."

ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. दोघांचे हात दोघांच्या मांडीवर होते आणि आपापले थरथरत होते. बाहेर कुणीतरी जिना धुवत होतं, पाणी पायरी पायरीनं खाली चाललं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा फेस हळूहळू वाळला, भेगाळला, एका बाजूनं निसटून टॉवेलवर पडला. तिनं ब्रश पुन्हा गरम पाण्यात बुडवला.